महाधमनी चिरते तेव्हा

अमेरिकी अभिनेता जॉन रिटर 2003 मध्ये सेटवर काम करता करता आजारी पडला. वय 54. हार्ट अटॅक समजून उपचार सुरू झाले, पण चिरली होती महाधमनी. त्याच रात्री तो गेला.

हृदयातून निघणाऱ्या या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला पदर फाटला की रक्त पदरांमध्ये घुसतं आणि प्रत्येक ठोक्यागणिक चीर लांबत जाते. ती उगमाकडे पसरली तर हृदयाला रक्त देणाऱ्या, बहुधा उजव्या, वाहिनीचं तोंड दाबलं जातं. मग ईसीजीत खराखुरा हार्ट अटॅक दिसतो! अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

हार्ट अटॅकचं दुखणं बरेचदा हळूहळू वाढतं. इथे कळ पहिल्याच क्षणी असह्य असते, पाठीत खांद्यांच्या मधे जाते, कधी पोटाकडे सरकते. काहींना भोवळ येते, एखादा हात किंवा पाय लुळा पडतो. दोन्ही हातांच्या बीपीत 20 पेक्षा जास्त फरक आढळला, तर संशय बळावतो. निदान सीटी अँजिओग्राफीने होतं. उगमाजवळची चीर असेल, तर पहिल्या दोन दिवसांत उपचारांविना दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढतो. तिथे तातडीचं ऑपरेशनच लागतं. खालच्या भागातली चीर पुष्कळदा बीपी काटेकोर ताब्यात ठेवून सांभाळता येते.

व्हॉल्व्हचा संबंध दुहेरी आहे. उगमाशी चीर पडली की व्हॉल्व्हचा आधार सुटून तो गळू लागतो. काहींमध्ये व्हॉल्व्ह आणि महाधमनीचा तो भाग एकत्र बदलावा लागतो, यालाच बेंटॉल ऑपरेशन म्हणतात. दुसरीकडे, शंभरातल्या एक-दोघांचा महाधमनीचा व्हॉल्व्ह जन्मतः तीनऐवजी दोन पाकळ्यांचा असतो, आणि त्यांची महाधमनीही फुगू शकते. ‘व्हॉल्व्ह बदलला, सुटलो’ असं हे रुग्ण म्हणतात तेव्हा मला काळजी वाटते. व्हॉल्व्ह नवा असला तरी धमनी जुनीच आहे. तिची रुंदी डॉक्टर सांगतील तेव्हा इको किंवा सीटीने मोजून घ्या.

महाधमनी चिरण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र उच्च रक्तदाब. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका. घरात कुणाची महाधमनी फुगली वा चिरली असेल, तर सख्ख्या नातेवाइकांनी तपासणी करून घ्यावी. आणि अशी कळ आलीच, तर 108 ला फोन करा. व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं असेल किंवा घराण्यात हा आजार असेल, तर डॉक्टरांना हे आधी सांगा.