ब्रिक्स मीटर किती दिवसांनी तपासावे?



तोडणीचा क्रम लावताना लागणीच्या तारखेबरोबर उसाची पक्वताही पाहतात. त्यासाठी आमचा शेतकी कर्मचारी बुडखा, मध्य आणि शेंडा अशा तिन्ही ठिकाणचा रस हातातल्या ब्रिक्स मीटरवर बघतो. मधला आकडा १८ च्या वर गेला आणि शेंडा-बुडख्यात फारसा फरक राहिला नाही, म्हणजे ऊस तोडीला आला. पण मीटरच एक अंशाने चुकत असेल तर? कच्चा ऊस आधी तुटतो, पिकलेला फडात उभा राहतो. एफआरपी कारखान्याच्या साखर उताऱ्यावर ठरते. म्हणून हा फटका सगळ्यांच्याच बिलात येतो.

"हंगामाआधी एकदा तपासले की झाले," असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. मीटर मोटारसायकलवर धक्के खाते, काचेवर रस वाळून बसतो. शून्य रोज पाहावे. काच धुऊन-पुसून डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब टाकावेत आणि रेषा शून्यावर नसेल तर स्क्रूने आणावी. विहिरीचे पाणी नको, त्यात क्षार असतात. मीटर हातातून पडले तर तिथल्या तिथे तपासावे.

खरा घोळ उन्हाचा. डिसेंबरात सकाळी १५ अंश सेल्सिअसला शून्य लावले आणि दुपारी ३० अंशाला तेच साधे मीटर वापरले, तर ब्रिक्स सुमारे एक अंशाने कमी दिसतो. म्हणजे सकाळी पाहिलेला शेजाऱ्याचा ऊस पास आणि तितकाच पिकलेला तुमचा नापास! म्हणून दुपारी पुन्हा शून्य लावावे. पाणी व मीटर सावलीत एकत्र ठेवून, दोन्ही सारखी झाल्यावर. तापमान आपोआप सावरणारी मीटरे निघाली आहेत, पण तीही ठरावीक मर्यादेपर्यंतच सावरतात.

शून्य बरोबर म्हणून वीसही बरोबर असेल असे नाही. पंधरवड्यातून एकदा २० ग्रॅम साखर ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून पाहावी. मीटरने २० दाखवलेच पाहिजे. पाणीसुद्धा तोलूनच घ्यावे.

वजनकाट्याला वैधमापनाचा शिक्का दर १२ महिन्यांनी लागतो, दुरुस्ती झाली तर त्याआधीही. रिकाम्या काट्यावर शून्य आहे का, हे मात्र गाडी चढवण्यापूर्वी आपण स्वतः बघायला हरकत नाही.