एक दुकान, चार गिऱ्हाइके

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी. व्यापाराशी माझा संबंध गिऱ्हाईक या नात्यापुरताच. तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या मामांनी माझ्यावर एक कामगिरी सोपवली. "तुला कॉम्प्युटर येतो, आपल्या दुकानाची वेबसाइट काढून दे," ते म्हणाले. मामांचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आजोबांपासूनचे. विक्री घटत होती आणि ज्यांच्याकडून मामा माल घेतात, त्या कारागिरांची मुले हा धंदा सोडण्याच्या गोष्टी बोलू लागली होती. तेव्हा हे काम केवळ हौसेचे नव्हते.

पंधरा दिवस खपून मी वेबसाइट उभी केली. वर भले मोठे छायाचित्र, खाली परंपरेवर एक अलंकारिक निबंध आणि किंमत पार तिसऱ्या पानावर! मला ती फारच आवडली. पण दोन महिन्यांत सात जोड खपले आणि त्यांतले तीन परत आले. मी हिरमुसलो. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "चार दिवस गल्ल्याशेजारी बस. बोलू नको, नुसतं बघ."

त्या चार दिवसांत मला जे दिसले, तेच या लेखाचे सार आहे.

पहिले गिऱ्हाईक घाईचे. "नऊ नंबर, साधी, कितीला?" मामा तीन शब्दांत उत्तर देत. दुसरे चिकित्सक. ते चप्पल उलटी करून तळ पाही, शिलाई ओढून बघे, कातडे कशाने कमावले ते विचारी. त्याला मामा हिरडा आणि बाभळीची साल समजावून सांगत. तिसरे गिऱ्हाईक माणूस पाहून माल घेणारे. "बनवतं कोण? तुटली तर दुरुस्त करून द्याल ना?" त्याच्यासाठी चहा येई. चौथे हौशी. गोंडा पाहून भुलणारे, "वाजणारी आहे का?" असे विचारणारे. त्याच्यापुढे मामा काही न बोलता तीन-चार जोड मांडून ठेवत.

दुकान एकच, माल एकच; पण मामांचे बोलणे मात्र चार तऱ्हांचे! समोरच्याचा चेहरा वाचून ते बोलत. वेबसाइटला चेहरा वाचता येत नाही. म्हणून तिने चौघांसाठी चार वाटा आधीच करून ठेवाव्या लागतात. मी केली होती एकच, तीही माझ्यासारख्या निबंधप्रेमी माणसाची.

मग मी सारी मांडणी बदलली. जेकब नील्सन यांच्या संस्थेने 2006 मध्ये 232 व्यक्तींच्या नजरेचा माग घेतला होता. वाचक वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचतात आणि पुढे डाव्या कडेने खाली उतरतात, म्हणजे नजरेची वाट इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी होते, असे त्यांना बहुधा आढळले. म्हणून प्रकार, माप, किंमत आणि खरेदीचे बटण मी सर्वांत वर आणले. घाईच्या माणसाची सोय झाली. त्याच्याखाली चिकित्सकासाठी तळाचे आणि शिलाईचे जवळून घेतलेले फोटो, कमावण्याची पद्धत आणि 2019 साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती दिली. तिसऱ्यासाठी कारागिरांच्या संमतीने त्यांचे फोटो, मामांचा फोन नंबर आणि दुरुस्तीचे आश्वासन. हौशी माणसासाठी मोठी छायाचित्रे आणि चालताना होणाऱ्या करकरीची छोटी चित्रफीत. माझ्या निबंधाच्या चार ओळी तेवढ्या उरल्या!

परत आलेल्या तीन जोडांचे कारण मात्र मांडणीत नव्हते. दोन मापात चुकले होते. आता पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल कशी फिरवावी, हे चित्रासह दिले आहे. तिसरा जोड पावसात भिजून बिघडला होता. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, तिला तेल लावावे लागते, पाण्यात वापरू नये, हे मामा दुकानात प्रत्येकाला सांगत. मी मात्र "शोभा जाईल" म्हणून ते गाळले होते. मामा म्हणाले, "अरे, दोष आपण सांगितला तर तो सल्ला होतो, गिऱ्हाइकाला घरी जाऊन कळला तर फसवणूक." 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी परतीच्या अटी उघड सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक केले आहे, मामांना ते नियमाविनाच ठाऊक होते. चौघांशी चार तऱ्हांनी बोलावे, पण खरे एकच सांगावे, हा धडा मला तेथे मिळाला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही चार माणसे म्हणजे चार जाती नव्हेत. मी स्वतः चप्पल घाईने घेतो, पण जुने पुस्तक घेताना पाने मोजतो. लग्नाच्या खरेदीला निघालेला चिकित्सक माणूसही हौशी होतो. म्हणून गिऱ्हाइकावर शिक्का न मारता प्रत्येक पानावर चारही वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

विक्री एकाएकी दसपट झाली असे नाही. पण नंतरच्या दोन महिन्यांत एकतीस जोड गेले आणि एकच परत आला. एका कारागिराच्या मुलाने आपल्या वडिलांचा फोटो त्या पानावर पाहिला आणि "माझाही घालाल का?" असे मामांना विचारले. माझ्या पंधरा दिवसांच्या निबंधाला जे साधले नव्हते, ते त्या एका फोटोने साधले.

वर्गात आम्ही व्यक्तिभेदाचा सिद्धान्त शिकलो, परीक्षेत लिहिला, गुणही मिळवले. तो मला समजला मात्र मामांच्या गल्ल्याशेजारी, तोंड मिटून बसल्यावर.