रोज एक धडा : फवारणी करणाऱ्या मजुरांचे शिक्षण

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा जोखमीच्या कामाचे शिक्षण एका लांबलचक व्याख्यानाने साधत नाही; एकदाच ऐकलेले पुष्कळसे लवकर विसरले जाते. म्हणून हंगामापूर्वी, पंपात साधे पाणी भरून, ग्रामसेवकांनी बांधावरच रोज पाच मिनिटांचा एकच धडा द्यावा.

पहिला धडा : डब्यावरील त्रिकोणाचा रंग ओळखणे. लाल सर्वांत विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा.
दुसरा : हातमोजे, चष्मा व तोंडावरील मुखपट्टी नीट बांधणे.
तिसरा : औषध हाताने न ढवळता काठीने ढवळणे.
चौथा : वाऱ्याकडे पाठ करून फवारणे.
पाचवा : साबणाने हात-तोंड धुतल्यावाचून भाकरीस वा विडीस न शिवणे.

नवा धडा देण्यापूर्वी कालचा धडा मजुराकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा. चुकल्यास न रागावता तोच पुन्हा द्यावा. पाचही धडे अंगवळणी पडल्याखेरीज मात्र कोणाच्याही हाती औषधाचा डबा देऊ नये.