वारशाने आलेल्या नाण्यांची पारख

घरातील जुन्या पेटीत किंवा देव्हाऱ्यात पूर्वजांची चार-दोन नाणी सापडली म्हणजे लोकांच्या हातून बहुधा दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी त्यांना अमोल ठेवा समजून मनोराज्ये रचतो, तर कोणी ती निरुपयोगी मानून सराफाच्या मुशीत जाऊ देतो. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील तर प्रत्येक नाण्याविषयी चार प्रश्न क्रमाने विचारले पाहिजेत. ते कोणत्या धातूचे आहे? ते खरे आहे काय? तशी नाणी किती आढळतात? आणि त्याची स्थिती कशी आहे?

प्रथम धातूचा विचार करू. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा अथवा ११.६६ ग्रॅम, ठरविण्यात आले व त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले. १९४७ चा रुपया तर केवळ निकेलचा आहे. लोहचुंबक त्यास ओढून घेतो, चांदीस ओढीत नाही.

चांदीचा कस पाहण्यासाठी नाणे घासण्याची अथवा कापण्याची गरज नाही. अर्किमिडीजचे तत्त्व पुरेसे आहे. सूक्ष्म काट्यावर नाण्याचे वजन करावे. नंतर ते बारीक दोऱ्याने काट्यास टांगून, तळास टेकणार नाही अशा रीतीने, पाण्यात बुडवून पुन्हा वजन करावे. पहिल्या वजनास वजनातील घटीने भागले असता विशिष्ट गुरुत्व मिळते. जुन्या रुपयाची घट सुमारे १.१३ ग्रॅम भरते व गुरुत्व १०.३ च्या आसपास येते. निम्म्या चांदीच्या रुपयाची घट सुमारे १.२२ ग्रॅम व गुरुत्व ९.५ येते. नाणे झिजले तरी वजन तेवढे कमी होते, गुरुत्व बदलत नाही. म्हणून झिजलेल्या नाण्यासही ही कसोटी लागू पडते.

तथापि धातू खरा म्हणून नाणे खरे, असे नव्हे. चांगल्या चांदीतही बनावट नाणी पाडता येतात. भिंगातून अक्षरे, कडा व सालाचे अंक पाहून ते निःसंशय अस्सल नाण्याशी ताडून पाहावेत. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, राम दरबार किंवा हनुमान यांची आकृती आणि १८१८ सारखे साल असलेल्या चकत्या पुष्कळ घरी आढळतात. कंपनीने अशी नाणी कधीच चलनात आणली नाहीत. त्या चकत्या तांदूळ ओढून घेतात असे सांगून लोकांना लुबाडण्यात येते. भाविकांना त्या प्रिय असतील, पण त्यांत तसा कोणताही गुण नाही.

आता दुर्मिळतेकडे वळू. वय आणि मोल यांचा संबंध वाटतो तितका निकट नाही. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावरील १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसेच राहिले. म्हणून अशी नाणी विपुल आहेत. उलट १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसे. त्यामुळे लोकांत असंतोष उत्पन्न झाला, पुष्कळ नाणी वितळविण्यात आली आणि १९१२ मध्ये आकृती सुधारण्यात आली. म्हणूनच त्या एका सालाच्या रुपयास संग्राहकांची मागणी अधिक असते.

शेवटचा प्रश्न स्थितीचा. चिंच, लिंबू किंवा राख लावून नाणे लखलखीत करण्याची आपली जुनी सवय येथे घातक ठरते. घासण्याने वरचा थर व बारीक रेषा नाहीशा होतात आणि त्यांबरोबर संग्राहकाच्या दृष्टीने असलेले मोलही जाते. नाणे कडांना धरून हाताळावे आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे.

विक्रीपूर्वी एखाद्या वस्तुसंग्रहालयातील जाणकारास नाणे दाखविणे श्रेयस्कर. जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठी आपले नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. ते खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते.

पारखीअंती नाणे सामान्य ठरले तरी ते कोणी, केव्हा व कोठून आणले हे पाकिटावर लिहून ठेवावे. ती माहिती कोणत्याही काट्यावर मिळत नाही आणि घरातील वडीलधारे गेल्यावर ती सांगणारेही कोणी उरत नाही.