उदाहरणातले आकडे आणि शब्द

माझी भाची नांदेडच्या मराठी शाळेतून दहावी होऊन इंटरमीजिएटसाठी अंबरपेठेत आमच्याकडे आली. रसायनशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत नापास झाली आणि म्हणाली, "मावशी, मी विज्ञान सोडते." मी साहित्याची प्राध्यापिका, तरी तिची उत्तरपत्रिका घेऊन बसले. गुणाकार-भागाकार बरोबर होते. अडखळली होती ती इंग्रजी वाक्यांत.

२७ अंश सेल्सिअसला ३ लिटर असलेला वायू, दाब तोच ठेवून, ५४ अंशांपर्यंत तापवला, आकारमान किती? तिने ६ लिटर लिहिले होते. चार्ल्सचा नियम पाठ होता, पण तापमान कोणत्या शून्यापासून मोजायचे, हे तिने विचारलेच नव्हते. सेल्सिअसचे शून्य पाणी गोठण्याचे. वायूचा हिशेब त्याच्याही २७३ अंश खालून, केल्विनमध्ये सुरू होतो. म्हणजे ३०० चे ३२७ झाले. उत्तर ३.२७ लिटर.

बंधाच्या उदाहरणात मात्र मराठीनेच दगा दिला. 'बंध तुटले' म्हटले की आपल्याला सुटका आठवते. तिनेही ऊर्जा 'सुटते' असे लिहिले. वास्तविक हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६ आणि क्लोरीनचा तोडायला २४२, असे ६७८ किलोजूल खर्च होतात. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध जुळताना ८६२ मिळतात. हाती उरतात १८४.

तिसरे उदाहरण सरावपुस्तकातले: एक ग्रॅम युरेनियम-२३५ च्या पूर्ण 'फिशन'मधून किती ऊर्जा मिळेल? तिने अख्ख्या ग्रॅमला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणले. मी दहावीतला 'विखंडन' शब्द आठवायला सांगितला. खंड म्हणजे तुकडे; तुकडे शिल्लक राहतात, जवळजवळ सगळ्या वस्तुमानासह. नाहीसे होते ते सुमारे ०.९ मिलिग्रॅम. तेवढ्यातूनही २२ हजार युनिटांहून अधिक वीजेइतकी ऊर्जा निघते. तिचे उत्तर हजारपटीहून मोठे होते.

आमच्या शेजारच्या, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पूर्वी विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. परिभाषेसाठी स्वतंत्र भाषांतर विभाग होता. हे मी नेहमी इतिहास म्हणून सांगत आले. उत्तरपत्रिकेवर त्याचा उपयोग मला त्या संध्याकाळी कळला.

परवा तिने विचारले, "फ्यूजन म्हणजे संमीलन ना?"

"हो."

"मग दोन केंद्रके एक झाली, तरी वजन थोडे कमीच भरणार."

'वजन' नव्हे, 'वस्तुमान', एवढेच मी दुरुस्त केले.