केबल तोडण्याआधी वही काढा

केंदूरचं गावठाण मागे टाकून मळ्यांकडे निघालं की घराघराच्या पत्र्यावर, स्लॅबवर छत्र्या दिसू लागतात. कुठे रिचार्ज मारलेली, कुठे सहा महिने पॅक संपल्यामुळे नुसतीच उभी. एखाद्या जुन्या घरावर सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड केलेला ॲल्युमिनियमचा अँटेनाही अजून टिकून आहे. दूरदर्शनने जमिनीवरची जुनी प्रक्षेपणं जवळपास सगळी बंद केली, त्यामुळे त्यावर आता कावळाच बसतो. पण तो लावला होता तेव्हा टीव्हीला महिन्याचं भाडं नव्हतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चांगलं आठवतं. म्हणूनच दर महिन्याला तीनशे-साडेतीनशे गेले की कुरकुर सुरू होते: बघतो कोण एवढं?

हाच प्रश्न वहीत लिहून काढा. आठ दिवस टीव्हीजवळ एक वही ठेवा आणि कोणी कोणता चॅनल किती वेळ पाहिला ते टिपा. पॅकमध्ये अडीचशे वाहिन्या असतील, वहीत पाच-सहाच उतरतील. आईच्या रात्रीच्या दोन-तीन मालिका, आबांच्या बातम्या आणि सकाळचं कीर्तन, मॅच असेल तेव्हा मॅच. पोरं तर टीव्हीसमोर बसून मोबाइलच बघत असतात. पैसे जातात ते बहुतेक त्या दोन-तीन मालिकांसाठी. हे एकदा कळलं की पुढचा हिशेब सोपा होतो.

आता बिलाची फोड. दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या दरपद्धतीनुसार फेब्रुवारी 2019 पासून बिलाचे दोन भाग पडले: जोडणीचं भाडं, म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी, आणि निवडलेल्या पैशाच्या वाहिन्यांची किंमत. या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. भाड्याची कमाल मर्यादा 130 रुपये होती, म्हणजे करासकट 153 रुपये 40 पैसे. सुरुवातीला तेवढ्यात 100 वाहिन्या मिळत, 2020 मध्ये त्या 200 झाल्या. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली. आता भाडं कंपनी ठरवते, फक्त ते जाहीर करावं लागतं. त्यामुळे केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: नुसतं भाडं किती, आणि वाहिन्यांचे किती?

बऱ्याच घरांत एवढ्यावरच काम भागतं. पॅकऐवजी सुट्या वाहिन्या मागता येतात, तो ग्राहकाचा हक्क आहे. एकोणीस रुपयांची एक, अशा तीन वाहिन्या धरल्या तर 57. त्यात भाडं 130. झाले 187, आणि कर धरून 220 रुपये 66 पैसे. ‘सुटे घेतले तर महाग पडतं,’ असं काउंटरवर हमखास सांगतात. दहा वाहिन्या घेणाऱ्याला ते खरं आहे, तीन घेणाऱ्याला नाही.

यापेक्षा खाली उतरायचं असेल तर फ्री डिश. दूरदर्शनने डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू केली. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवण्याची मजुरी मिळून साधारण दीड ते दोन हजार एकदाच जातात. त्यानंतर महिन्याला एक रुपयाही नाही. वायर न पोचणाऱ्या वस्तीवर हाच सगळ्यात स्वस्त टीव्ही.

त्यात वाचवण्यासारखं आणखी एक आहे, ते दुकानदार आपणहून सांगत नाही. घरावर जुन्या डीटीएचची छत्री असेल तर नवी घ्यायची गरज बहुतेक वेळा नसते. छत्री आणि तिच्या तोंडाशी असलेली एलएनबी दोन्ही चालतात, फक्त दिशा बदलावी लागते. फ्री डिश जीसॅट-15 उपग्रहावरून येते आणि तो 93.5 अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून छत्रीचं तोंड साधारण आग्नेयेला धरायचं. डिश टीव्हीची छत्री 95 अंशांकडे असते, ती बोटभर हलवली तरी पुरते. टाटा प्लेची 83 अंशांवर, म्हणून तिला डावीकडे जास्त फिरवावं लागतं. एअरटेलची 108 अंशांवर, ती उलट उजवीकडे. समोर आंब्याचं किंवा लिंबाचं झाड येतंय का ते आधी बघा, नाहीतर पावसाळ्यात पानं दाटली की चित्र तुटू लागतं. जुन्या कंपनीचा बॉक्स मात्र इथे कामाचा नाही, बॉक्स नवा लागेल. घेताना एमपेग-4 चा घ्या. एमपेग-2 चा जुना बॉक्स कोणी स्वस्तात देत असेल तर त्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. टीव्ही डब्याचा, काचेच्या नळीचा असला तरी चालतो. लाल-पांढरी-पिवळी वायर जोडता येणारा बॉक्स आहे ना, एवढं बघून घ्या.

फ्री डिशवर मिळतं काय? डीडी सह्याद्री हमखास. दूरदर्शनच्या बाकीच्या वाहिन्या, हिंदी सिनेमे, बातम्या, भक्तीच्या वाहिन्या भरपूर. खासगी वाहिन्यांना जागा लिलावातून मिळते, म्हणून यादी कायमची नसते आणि एप्रिल लागला की बदलते. 1 एप्रिल 2022 ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल एकदमच निघून गेल्या, काही पुढे परतल्या. आज दिसतेय म्हणून पुढच्या वर्षीही दिसेल असं धरू नका. आणि आईला लागणाऱ्या स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या पैशाच्या वाहिन्या त्यात नाहीत. बॉक्स घरी आणायच्या आधी हे आईला सांगा. मी सांगितलं नव्हतं, तर पहिल्याच रात्री आठ वाजता घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

मालिकांसाठी मग ॲप. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी5 वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. सगळी घ्यायची नाहीत. वहीत बघा, आईच्या मालिका कोणत्या वाहिनीच्या जास्त आहेत, आणि तेवढं एकच घ्या. 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा मोबाइलपुरता प्लॅन तीन महिन्यांना 149 रुपये आणि टीव्हीवर चालणारा 299 रुपये होता. हे दर वरचेवर बदलतात, पैसे भरण्याआधी ॲपमध्ये बघून घ्या. 299 चा प्लॅन वर्षातून चार वेळा धरला तर 1,196. फ्री डिशचे दोन हजार मिळवले तरी पहिलं वर्ष बत्तीसशेच्या आत, पुढची वर्षं बाराशेच्या आसपास. तीनशेच्या पॅकला वर्षाला 3,600 जातात.

पण ॲपचा दुसरा खर्च नेटचा, आणि हिशेब चुकतो तो इथेच. साध्या दर्जाचं चित्र तासाला साधारण पाऊण ते एक जीबी खातं, एचडी त्याच्या दुप्पट-तिप्पट. बावीस-पंचवीस मिनिटांच्या तीन मालिका साध्या दर्जात बघितल्या तर एक जीबीच्या आसपास. फोनवर रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तेवढ्यात बसतं. ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा ‘ऑटो’वर सोडलात तर दुसरी मालिका संपायच्या आत डेटा संपल्याचा मेसेज येतो. जुलै 2024 मध्ये रिचार्ज महागले, जिओचा दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 239 चा 299 झाला. हा रिचार्ज तुम्ही तसाही करत असाल तर तो टीव्हीच्या खात्यात धरू नका. नुसत्या टीव्हीसाठी करणार असाल तर केबल ठेवलेलीच बरी.

ब्रॉडबँडचंही तसंच. 19 सप्टेंबर 2023 ला आलेल्या जिओ एअरफायबरचा ॲपसकटचा 599 चा प्लॅन कर धरून 706 रुपये 82 पैशांना पडतो. पोरांचा अभ्यास असेल, कोणी घरून काम करत असेल, तर घ्या आणि टीव्ही त्यात आयता मिळाला असं समजा. नुसत्या मालिकांसाठी नको. शिवाय लाइट गेली की राउटर बंद, आणि आपल्याकडे ती जातेच.

क्रिकेटबद्दल एक गंमत आहे. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. म्हणून भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-20 सामने फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला फुकट दिसतात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चित्र केबल आणि खासगी डीटीएचवर दाखवता येणार नाही असं ठरवलं. पैसे भरणाऱ्याला मॅचसाठी वेगळी वाहिनी घ्यावी लागते, फुकट्याला नाही! आयपीएल मात्र यात बसत नाही. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲपही आहे, 20 नोव्हेंबर 2024 ला गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं. त्यावर सह्याद्री फोनवरही बघता येतं.

‘सगळे चॅनल, वर्षाला पाचशे’ म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवली तर ती उघडू नका. ज्या फोनवर ती चढते त्याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप असतं.

शेवटी जोडणी तोडण्याचं. आधी फ्री डिश बसवा, आठ दिवस घरातल्यांना वापरू द्या, मगच जुनं बंद करा. रिचार्ज संपू दिला म्हणजे जोडणी बंद झाली असं नाही. केबलवाल्याला लेखी किंवा मेसेजवर कळवा आणि तारीख ठेवा. बॉक्स भाड्याचा होता की विकत घेतलेला, हे जुन्या पावतीवर असतं. भाड्याचा असेल तर परत देताना बॉक्सच्या नंबरासकट पोच घ्या आणि अनामत मागा. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फोन लावताना तीच पावती हाताशी असू द्या.