येझदी कापण्याआधी

सध्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये एक साथ आलीय. गावाकडून काकांची पडून असलेली येझदी आणायची, मडगार्ड कापायचे, बटणाचे टायर चढवायचे आणि मुकुंदवाडीच्या चौकात उभे राहून सांगायचे, "एंड्युरो केली!" बीड बायपास ओलांडून साताऱ्याच्या डोंगराकडे निघेपर्यंत ती दिसतेही झकास. पुढचे बघू.

एंड्युरोचे मूळ म्हणजे १९१३ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली सहा दिवसांची स्पर्धा. दगड, जंगल, चिखल आणि मधे साधा रस्तासुद्धा. म्हणून गाडीला नंबर हवा, दिवा हवा. १९७० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाने जावाच्या जोरावर ही स्पर्धा अनेकदा जिंकली. म्हैसूरची येझदी त्याच घराण्यातली, पण ती रस्त्याचीच गाडी.

आता थोडे गणित. (मेकॅनिकलवाल्यांनी हसू नये.) येझदी २५० चा बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५. यामाहाने १९६८ साली आणलेल्या डीटी-१ चा बोअर ७०, स्ट्रोक ६४. सूत्रात टाका: एक २४९ सीसीच्या जवळ, दुसरी २४६. आकार तोच, स्वभाव वेगळा. ५००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग येझदीत सेकंदाला १२.५ मीटर येतो, डीटी-१ मध्ये १०.७. म्हणजे येझदीला पिळून पळवायचे नसते, तिला खालच्या आरपीएमवर ओढू द्यायचे. चढावर हे बरेच वाटते! पण ती १४० किलोच्या आसपास आणि डीटी-१ त्याहून पंचवीस-तीस किलोने हलकी. ओढ्यात आडवी पडल्यावर हा फरक कमरेला समजतो.

शिवाय आपली काळी माती. पावसाळ्यात ती टायर आणि मडगार्डच्या फटीत गच्च बसते आणि चाकच फिरेनासे होते. एंड्युरोचे पुढचे मडगार्ड उंच असते ते यासाठीच, दिसण्यासाठी नव्हे. नुसते कापले तर चिखल थेट तोंडावर.

राजदूत १७५ चे मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीत. चिवट, पण गिअर तीनच. दुधाचे कॅन वाहायला उत्तम. आरएक्स १०० (५० × ५० मिमी, ९८ सीसी) हलकी आणि चपळ. माझ्या मते या तिघींत कच्च्या रस्त्याला तीच बरी. मात्र १९९६ ला बंद झाल्यामुळे अस्सल आरएक्सचे भाव ऐकून मेसचे बिल स्वस्त वाटते. चिखलातच जायचे असेल तर हिरोची २०११ ची इम्पल्स सेकंडहँड शोधा. लांब सस्पेन्शन, उंच मडगार्ड, सगळे कंपनीचेच.

संग्राहकाचे गणित उलटे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, पण चेसिस आणि इंजिनात मोठा बदल नको. येझदी हे नाव १९७३ नंतरचे, म्हणजे पहिल्या गाड्यांनी पन्नाशी गाठलीच आहे. आज ग्राइंडर लावला तर काकांची गाडी चिखलातही अर्धवट आणि कागदावरही बाद. मडगार्ड, टाकी, सायलेन्सर मूळचे असतील तर गंजलेले असले तरी जपून ठेवा.

विकत घेणार असाल तर आधी टॉर्च घेऊन खाली बसा. चेसिसचा आणि इंजिनचा नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबरावर कानस फिरलेली दिसली तर चहा प्या, नमस्कार करा आणि होस्टेलवर परत या.